पोटाचे ऑपरेशन आणि आतली चिकटण



सिझेरियन असो, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया असो की अपेंडिक्सची. वरचे टाके निघाले की आपण म्हणतो, सुटलो बाई एकदाच्या! पण कातडीवर जसा व्रण राहतो तसा पोटाच्या आतही राहू शकतो.

आतडी, गर्भाशय, बीजनलिका यांच्यावर पातळ, ओलसर अस्तर असते. त्यामुळे हे अवयव एकमेकांवर सहज सरकतात. ऑपरेशनमध्ये हे अस्तर खरचटले, वाळले किंवा तिथे रक्त साचले की जखम भरण्यासाठी चिकट द्रव पाझरतो. तो वेळीच विरघळला तर ठीक. नाहीतर आठवडाभरातच त्याचे धागे होतात आणि दोन अवयव एकमेकांना चिकटतात. पुष्कळ जणींना याचा काही त्रास होत नाही, तेव्हा घाबरू नका. काहींचे मात्र पोट दुखत राहते, बीजनलिका वेढली गेल्यास दिवस राहत नाहीत, आणि कधी आतड्याला अडथळा होऊन जिवावर बेतते.

मुख्य काळजी डॉक्टरांनी घ्यायची असते : अवयव हळुवार हाताळणे, ओले ठेवणे, रक्तस्राव पुरता थांबवणे. हातमोज्यांच्या पावडरचे कण पोटात राहिल्यानेही चिकटण वाढते. अमेरिकेने २०१७ साली असे मोजे बंदच केले. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये छेद लहान, म्हणून चिकटणही साधारणपणे कमी.

“पोट घट्ट बांध, तेल चोळ, म्हणजे आत काही चिकटत नाही,” असे शेजारच्या मावशी सांगतील. त्याने चिकटण टळत नाही. ओल्या टाक्यांवर चोळणे तर धोक्याचेच. लवकर उठून चालायचे ते रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. चिकटण त्याने टळेलच असे नाही, पण चाला. ताप आला, टाक्यांतून पू आला, अंगावरून घाण वासाचे जाऊ लागले तर लगेच दवाखाना गाठा. आत जंतू वाढले की चिकटणही वाढते.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गरजेशिवाय पोट न उघडणे. दर सिझेरियनला चिकटण वाढण्याचा संभव असतो. आणखी मूल नकोच असे तुमचे ठरले असेल, तर तसे आधी सांगा. सिझेरियनच्या वेळीच नसबंदी होते, पुन्हा पोट उघडावे लागत नाही. तांबीलाही छेद लागत नाही. आणि पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी (ही पद्धत १९७४ मध्ये चीनमध्ये निघाली) म्हणजे पोटाला हातच लागत नाही. फक्त पुढे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग तपासणी करून घ्यायची. बायकोच्या ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी नवऱ्यानेही हे वाचावे, हे बरे!

ऑपरेशनला दहा वर्षे झाली असली, तरी कळा येऊन पोट दुखू लागले, फुगले, उलट्या सुरू झाल्या, शौच आणि वारा बंद झाला, तर एरंडेल किंवा जुलाबाची गोळी घेऊ नका. काही न खाता तडक रुग्णालयात जा. पूर्वी कोणते ऑपरेशन झाले ते डॉक्टरांना सांगा, आणि त्याचे कागद पेटीत असतील तर बरोबर न्या.