कर्करोगानंतरचे विस्मरण : उपचारोत्तर पुनर्वसनाचा दुर्लक्षित पैलू

हावडा स्थानकातून नागपूरमार्गे मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांतून कर्करोगाचे अनेक रुग्ण प्रवास करतात. १९४१ मध्ये स्थापन झालेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय हे त्यांचे गंतव्यस्थान असते. उपचारासाठीच्या प्रवासात शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत रुग्णास रेल्वेभाड्यात १०० टक्के सवलत मिळते. मात्र परतीच्या प्रवासानंतर उद्भवणाऱ्या एका अडचणीची दखल क्वचितच घेतली जाते. ती म्हणजे स्मरणशक्ती व एकाग्रता यांचा ऱ्हास.

स्वरूप व कारणे

या अवस्थेस 'किमो ब्रेन' असे म्हटले जाते. तथापि केवळ रसायनोपचार हेच तिचे कारण नव्हे. मेंदूवरील किरणोपचार, संप्रेरक उपचार, रक्तक्षय, निद्रानाश, थकवा व नैराश्य यांचाही त्यात वाटा असतो. काही रुग्णांत उपचारांपूर्वीच ही लक्षणे आढळतात. योग्य शब्द न आठवणे, एका वेळी दोन कामे न जमणे, वाचलेले ध्यानात न राहणे ही तिची प्रमुख लक्षणे होत. बहुतेकांत ती काही महिन्यांत कमी होतात, तर काहींत वर्षानुवर्षे टिकतात.

आर्थिक परिणाम

हावडा शहर ओतशाळा व लहान अभियांत्रिकी कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. लेथवर काम करणारा कारागीर माप विसरला, तर माल वाया जातो व बोटांनाही धोका संभवतो. असंघटित क्षेत्रात वैद्यकीय रजा अथवा हलके काम मिळण्याची तरतूद सहसा नसते. परिणामी, रोग बरा होऊनही रोजगार जातो. औषधोपचारांचा खर्च हा प्रत्यक्ष खर्च, तर बुडालेले उत्पन्न हा अप्रत्यक्ष खर्च होय. दुसऱ्याची नोंद रुग्णालयाच्या देयकात होत नाही.

उपाययोजना

या अवस्थेवर खात्रीशीर औषध अद्याप नाही. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, नैराश्य यांची तपासणी प्रथम आवश्यक ठरते, कारण त्यांवर उपचार शक्य आहेत. नियमित व्यायाम, पुरेशी झोप व बोधनिक प्रशिक्षण यांचा लाभ होतो. कामांची यादी वहीत लिहिणे, वस्तूंच्या जागा ठरविणे, एका वेळी एकच काम करणे आणि अवघड कामे ताजेतवाने असताना उरकणे हे उपाय बिनखर्चाचे आहेत. कुटुंबीयांनी विस्मरणास निष्काळजीपणा समजू नये. कामावर टप्प्याटप्प्याने परतणे हितावह ठरते.

धोरणात्मक दिशा

२०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. परंतु रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा १५ दिवसांपर्यंतचाच खर्च तीत समाविष्ट होतो. स्मृतिदोष मात्र महिनोन् महिने राहू शकतो. जिल्हा रुग्णालयांत कर्करोग दिवस-उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. पाठपुराव्याच्या प्रत्येक भेटीत स्मृती व एकाग्रतेविषयी दोन प्रश्न विचारण्याची पद्धत तेथे रुजविल्यास अल्प खर्चात मोठा लाभ होईल. वाचलेला जीव पुन्हा उपजीविकेस लागणे, हीच उपचाराची खरी पूर्तता होय.