परदेशीय व्याख्यानवृत्ति व अध्यापनाची मर्यादा

परदेशीं बोलाविलेल्या विद्वानाकडून यजमान संस्थेची अपेक्षा काय, हा प्रश्न दिसतो तितका सुलभ नाहीं. आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रांत याचीं परस्परविरुद्ध उदाहरणें सांपडतात.

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं त्यांस दरमहा ५० रुपये वृत्ति दिली. तिची अट स्पष्ट होती : महाराष्ट्रांत कोठेंही राहावें व वर्षास एक ग्रंथ बडोदें सरकारास लिहून द्यावा.

पुढें १९१० सालीं प्रो. वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते हार्वर्ड येथें गेले. काम अध्यापनाचें नव्हे. वॉरेन यांच्या १८९९ मधील मृत्यूमुळें अपुऱ्या राहिलेल्या ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचें होतें. परंतु संपादनाच्या श्रेयाविषयीं प्रो. लॅनमन यांच्याशीं मतभेद होऊन १९१२ मध्यें ते परतले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९५० सालीं, कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनीं.

त्याच वर्षीं, २ फेब्रुवारीस, भारत व अमेरिका यांत फुलब्राइट करार झाला. या योजनेंत अध्यापन, संशोधन व उभयमिश्र असे प्रकार वेगळे मानितात. अडचण विशेषतः मिश्र प्रकारांत उद्भवते. कारण पाठांचे तास वाढले कीं संशोधन मागें पडतें.

म्हणून आठवड्याचे तास, परीक्षेचें काम, विद्यार्थ्यांची पूर्वतयारी व लेखनाचें श्रेय हीं चार कलमें प्रस्थानापूर्वींच लेखी ठरवावीं. अशा करारानें विद्येस उणेपणा येत नाहीं; विद्वानाचे श्रम मात्र रक्षिले जातात.

खामगांव