ठिपक्यामागची बस

नाशिकची शहर बससेवा दीर्घकाळ एसटीकडे होती. ८ जुलै २०२१ रोजी महापालिकेची ‘सिटीलिंक’ सुरू झाली आणि निमाणीवर उभा असलेला प्रवासी रस्त्याऐवजी मोबाइलकडे पाहू लागला. पडद्यावरचा तो सरकता ठिपका येतो कुठून?

उपग्रह बसवर नजर ठेवतो, असा समज मला सर्रास आढळतो. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून केवळ वेळ आणि स्वतःची जागा सांगत असतात. बसमधले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश टिपते, ते पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतरे काढते आणि आपले स्थान ठरवते. मग सिमकार्डाच्या आधारे ते नियंत्रण कक्षाला कळवते. म्हणून ठिपका नेहमी थोडा शिळाच असतो.

‘पाच मिनिटांत येईल’ हा तर निव्वळ अंदाज; उरलेले अंतर आणि अपेक्षित वेग यांचा हिशेब. द्वारका चौकात वाहने तुंबली की तो कोलमडतो.

या नोंदीला दुसरेही मोल आहे. सिटीलिंकच्या बस ठेकेदारांच्या. त्यांना पैसे मिळतात ते किलोमीटरमागे. बस खरोखर किती धावली, हे याच नोंदींवरून पडताळता येते. म्हणून त्या नागरिकांसाठी खुल्या असाव्यात, असे मला वाटते. आणि ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याच्यासाठी थांब्यावर साधे वेळापत्रक हवेच. आगारातून न निघालेल्या बसची वाट तोही पाहत असतो.