क्रिएटिनिन थोडंसंच वाढलंय म्हणता?

साठीच्या बाईंच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन 1.4 येतं. शेजारी छापलेली मर्यादा 1.1 किंवा 1.2. घरची मंडळी म्हणतात, ‘थोडंसंच वाढलंय’, आणि कागद फाइलमध्ये जातो. पण वय धरून हिशोब केला तर त्यांचा ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, 43च्या आसपास निघतो. निरोगी तरुणपणी ती शंभराच्या घरात असते. निम्म्याहून जास्त काम थांबलंय आणि बाईंना काहीच होत नाहीये! पंचविशीतल्या मुलाचं क्रिएटिनिन तेवढंच असेल, तर त्याचा ईजीएफआर सत्तरच्या वर असतो.

मूत्रपिंडं दुखत नाहीत, हीच मोठी अडचण. पायांवर सूज, लघवीला फेस, रात्री वारंवार उठावं लागणं, अन्नावरची वासना जाणं, अंगाला खाज ही लक्षणं बहुतेकदा उशिरा येतात. ईजीएफआर तीन महिन्यांहून जास्त काळ 60च्या खाली राहिला किंवा लघवीतून सतत अल्ब्युमिन जात असेल, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंडविकार. 15च्या खाली गेला की निकामी अवस्था. आपल्याकडे याच्या मुळाशी बहुतेकदा मधुमेह आणि रक्तदाब असतो. त्यात गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि कशात काय आहे हे ठाऊक नसलेली भस्मं भर घालतात.

वेळेत कळलं तर हातात बरंच असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि मधुमेहावरची काही नवी औषधं ऱ्हासाचा वेग खरोखर कमी करतात. ती मनानं बंद करू नयेत.

आजार पुढे गेल्यावर सगळ्यात घातक ठरतं ते पोटॅशियम. लघवीवाटे बाहेर पडायचं ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, अनेकदा आधी काहीही न जाणवता. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण प्रेमानं शहाळं नेतो. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकतं. ‘कमी सोडियमचं’ मीठही तसंच, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधव हेही मीठच, त्यानं सूज टळत नाही. पोटॅशियम कमी करायला भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, ही आहारतज्ज्ञांची साधी युक्ती उपयोगी पडते.

दुसरा धोका पाण्याचा. डायलिसिसवर असणाऱ्याला चहा, आमटी, ताक, बर्फाचा खडा, सगळं मोजावं लागतं. रोज सकाळी वजन करावं. दोन डायलिसिसच्या मध्ये ते भराभर वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी. आडवं पडल्यावर दम लागला, छातीत धडधडलं, एकाएकी अंगातलं बळ गेलं किंवा रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नका. 108ला फोन करा.

डायलिसिसचं नाव काढलं की घरात रडारड होते आणि फिस्टुलाचं ऑपरेशन पुढे ढकललं जातं. मला हे फार जिव्हारी लागतं. हातातली रोहिणी आणि नीला जोडून केलेली फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. आधी केली नसेल तर ऐनवेळी मानेत नळी घालावी लागते आणि तिच्यातून जंतुसंसर्गाचा धोका मोठा. थंडी वाजून ताप आला तर लगेच रुग्णालय गाठावं. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही. रोज बोटं ठेवून थरथर तपासायची. ती थांबली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून त्यासाठी मदत मिळू शकते. प्रत्यारोपणाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलावं. योग्य दाता असेल तर डायलिसिस सुरू होण्यापूर्वीही ते करता येतं.

घरात कोणाला मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा दोन तपासण्या कराच: रक्तातलं क्रिएटिनिन ईजीएफआरसह आणि लघवीतलं अल्ब्युमिन. जुनी फाइल आज काढा आणि शेवटची तपासणी कधी झाली ते पाहा.