ट्रॉलीला ब्रेक असतो का रे भाऊ?

प्रश्न सोपा वाटतो, पण मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असूनही मला तो कधी पडला नव्हता. तो मला मामांनी विचारायला लावला. आंबिया बहाराची संत्री घेऊन आम्ही कळमन्याच्या मार्केटला निघालो होतो. मी मडगार्डवर बसलेलो, मागे भरलेली ट्रॉली. एका उतारावर समोर बैल आडवे आले. मामांनी ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर थांबण्याऐवजी मागून कोणीतरी ढकलावं तसा पुढे सरकतच राहिला. बैल वाचले, आम्हीही वाचलो. खाली उतरून मामा म्हणाले, "ट्रॉलीच ट्रॅक्टरले ढकलते, भाचेबुवा! तू इंजिनेर होऊन राह्यला न, मंग याचं काही करतं का?"

होस्टेलवर येऊन रूममेटला सांगितलं, तर तो म्हणाला, "अमेरिकेत ट्रॉलीले इलेक्ट्रिक ब्रेक असते बे. डॅशबोर्डवर एक डबी लावली की झालं." ही 'डबी' म्हणजे ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. पण डबी लावली की खरंच होतं का? त्याच्याच शोधाचा हा लेख.

आधी थोडं गणित (घाबरू नका, वायवा नाही). ट्रॅक्टर २ टनांचा, त्यातले साधारण १.३ टन मागच्या चाकांवर. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच असतात. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.६ धरला तर ब्रेकचं बळ जास्तीत जास्त ७.६ किलोन्यूटन. एकटा ट्रॅक्टर ताशी २५ किलोमीटरवरून सुमारे ६ मीटरमध्ये थांबेल. आता मागे ६ टनांची, चार चाकांची, बिनब्रेकची ट्रॉली जोडा. बळ तेवढंच, वस्तुमान चौपट. थांबायला २५ मीटर लागतात. शंभर फुटांत पाच फूट असा उतार असेल तर ५० मीटरच्याही वर. आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे ७ मीटर वेगळेच! हे सगळं ढोबळ आहे, पण मामांचे बैल कसे थोडक्यात वाचले ते यातून कळतं.

उलट ट्रॉलीने स्वतःचं वजन स्वतः थांबवलं, तर सपाट रस्त्यावर हेच अंतर ७ ते ८ मीटरवर येतं. म्हणजे मुद्दा एवढाच, की ओढणाऱ्याचे ब्रेक कितीही चांगले असोत, ओढल्या जाणाऱ्याला स्वतःचा ब्रेक हवा.

आता ती डबी काय करते ते पाहू. इलेक्ट्रिक ब्रेकची कल्पना जुनी आहे. स्पीडोमीटरच्या धंद्यात नाव कमावलेल्या आर्थर वॉर्नर या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात ती ट्रेलरसाठी आणली. ट्रेलरच्या प्रत्येक ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. त्यात करंट सोडला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या लोखंडी चकतीला चिकटू पाहतो, चकती त्याला आपल्यासोबत ओढते, त्याने एक तरफ फिरते आणि ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबले जातात. जेवढा करंट जास्त, तेवढा ब्रेक जोरात. किती करंट सोडायचा हे ठरवणारी ती डबी. म्हणजे कंट्रोलर स्वतः काहीच थांबवत नाही. ड्रम, चुंबक आणि लायनर नसतील तर डबी म्हणजे बिनगाडीचा हॉर्न!

कंट्रोलर मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला वेळेवर चालणारा. ब्रेकचा दिवा लागला की तो ठरवलेल्या गतीने करंट वाढवत नेतो. स्वस्त आणि बसवायला सोपा. पण तुम्ही हळूच ब्रेक लावला की जीव खाऊन दाबला, हे त्याला कळत नाही. दुसरा प्रपोर्शनल. त्यात वेग किती झपाट्याने कमी होतोय हे मोजणारा सेन्सर असतो, आणि तेवढ्याच प्रमाणात ट्रेलरचा ब्रेक लागतो. जीप किंवा पिकअपच्या मागे ट्रेलर असेल तर हाच घ्यावा. फक्त तो पक्का, सरळ आणि गाडीच्या दिशेतच बसला पाहिजे, नाहीतर त्याला सपाट रस्ताही उतार वाटतो. शेतातल्या गचक्यांत मात्र या सेन्सरची फसगत होऊ शकते. दोन्ही प्रकारांत हाताने दाबायची एक कळ असते. ट्रेलर डुलायला लागला तर फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायला ती कामी येते.

बसवताना चार गोष्टी पाळायच्या.

एक, कंट्रोलरला पॉवर थेट बॅटरीवरून घ्या, मध्ये सर्किट ब्रेकर टाका. लायटिंगच्या वायरला जोड मारू नका. चार तारा असतात : बॅटरीचा प्लस, अर्थ, ब्रेक-दिव्याच्या स्विचची आणि ट्रेलरच्या चुंबकांकडे जाणारी. स्विचची तार टेस्ट लॅम्पने शोधा. पेडल दाबल्यावरच जिच्यात करंट येतो ती आपली.

दोन, वायर जाड घ्या. चार चुंबक, प्रत्येकी सुमारे ३ अँपिअर, म्हणजे १२ अँपिअर. जाऊन-येऊन १२ मीटर वायर १ चौरस मिलिमीटरची टाकली तर चुंबकांना १० अँपिअरही मिळत नाहीत. ४ चौरस मिलिमीटरची टाकली तर ११.४ मिळतात. शंभर-दोनशे रुपये वाचवायला ब्रेकचा सहावा हिस्सा घालवू नका. आणि अर्थ हुकमधून मिळेल या भरवशावर राहू नका, त्याची वेगळी तार न्या.

तीन, ब्रेकअवे स्विच. ट्रेलरवर स्वतःची छोटी बॅटरी आणि पिनेचा स्विच. हुक तुटला तर दोरी पिन खेचते आणि ट्रेलर स्वतःच ब्रेक लावतो. ही दोरी गाडीच्या चेसिसला बांधायची, हुकला नाही. हुकच तुटला तर दोरी कोण खेचणार?

चार, सेटिंग. माल भरून, मोकळ्या सपाट जागी, हळू वेगात हाताची कळ दाबून पाहा. चाकं लॉक होण्याच्या जरा अलीकडे थांबा. माल बदलला किंवा पाऊस आला की पुन्हा पाहा.

आता मामांचा प्रश्न. सुट्टीत मी टेस्टर घेऊन ट्रॅक्टरखाली शिरलो. बॅटरी म्हातारी, ब्रेक-दिव्याचा स्विच तुटलेला, ट्रॉलीच्या चाकांत ड्रमच नाहीत. म्हणजे डबीचा नंबर सगळ्यात शेवटी. आधी ब्रेकवाले एक्सल हवेत. आणि एवढ्या वजनाला ट्रॅक्टरमागे हायड्रॉलिक किंवा हवेचा ब्रेक जास्त सोयीचा, कारण तो गचके आणि अशक्त बॅटरी सहन करतो. इलेक्ट्रिक ब्रेक शोभतो तो जीपमागच्या जनरेटरच्या किंवा नर्सरीच्या हलक्या ट्रेलरला. आणखी एक, नोंदणी झालेल्या वाहनात मनाने बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं. म्हणून वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

तोवर काय? मामांना तीन गोष्टी सांगितल्या. रस्त्यावर डाव्या-उजव्या ब्रेक पेडलची कडी लावलीच पाहिजे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर फिरतो. उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा, मधे क्लच दाबायचा नाही. आणि माल कमी भरून एक खेप जास्त करायची.

मामा म्हणाले, "एवढं शिकून हेच सांगतं? हे तं माह्या बापालेबी मालूम होतं." मी गप्प बसलो. पण परवा फोनवर मामी सांगत होत्या, मामांनी कडी बसवून घेतली आणि ब्रेकवाल्या एक्सलची किंमत विचारून आले. सुट्टीला गावी जाल तेव्हा तुमच्याही घरच्या ट्रॉलीखाली एकदा वाकून पाहा, ड्रम आहेत का ते.