ऐकण्याचे शिक्षण
दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या मनावर उपचार करायला अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पुरेसे नव्हते. म्हणून १९४६मध्ये तिथल्या माजी सैनिक प्रशासनाने विद्यापीठांच्या साथीने त्यांचे प्रशिक्षण सुरू केले. आज त्यात डॉक्टरेटनंतरच्या प्रशिक्षणाचीही सोय आहे. पदवी मिळाल्यावर आणखी काय शिकायचे? ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ या उपचारात सैनिक डोळे मिटून तोच भीषण प्रसंग वर्तमानकाळात पुन्हा पुन्हा सांगतो. आठवण टाळत राहिले की भीती टिकून राहते, हे त्यामागचे तत्त्व. पण ऐकणाराही कचरतो. घाईने धीर देतो, विषय बदलतो. मग टाळणारे दोघे होतात. सत्राचे ध्वनिमुद्रण ऐकून ज्येष्ठ मार्गदर्शक नेमकी ती जागा दाखवतात. सैनिकाचे सांगून होईपर्यंत न डगमगता ऐकणे असे हळूहळू अंगी बाणते.