व्यालेल्या गाईचें यकृत व चरबीची वाहतूक

गाय पुष्ट असली म्हणजे व्याल्यावर दूध अधिक देते, अशा समजुतीनें पुष्कळ कास्तकार भाकड काळांत तिला भरपूर पेंड चारतात. प्रस्तुत लेखकानेंही तसेंच केलें. गाय गुबगुबीत झाली. परंतु व्याल्यावर चौथ्या दिवशीं तिनें चारा सोडला व दूध आटलें. पशुवैद्यांनीं यकृतांत चरबी सांचल्याचा संशय सांगितला. असें कां होतें, याचा थोडक्यांत विचार करूं.

व्याल्यावर दुधासाठीं शक्ति फार लागते, पण तितका चारा पोटांत जात नाहीं. म्हणून अंगची चरबी मोडून रक्तावाटे यकृतांत येते. यकृत तिचा कांहीं भाग जाळतें व कांहीं बाहेर पाठवितें. परंतु चरबी पाण्यांत मिसळत नाहीं, आणि रक्त तर बहुतांशीं पाणीच. यास्तव यकृताच्या पेशी चरबीचे सूक्ष्म थेंब करून, त्यांवर लेसिथिन व प्रथिन यांचें वेष्टन चढवून मगच ते रक्तांत सोडतात.

हें काम पेशींतील पातळ पटलांवर चालतें, आणि तीं पटलें मुख्यत्वें लेसिथिनासारखीं स्निग्धाम्लयुक्त द्रव्यें व प्रथिनें यांचीं असतात. तूप थंडींत थिजतें, करडईचें तेल पातळ राहतें. कारण तुपांतील बरींच स्निग्धाम्लें सरळ, तर करडईंतील लिनोलेइक आम्ल वांकडें. सरळ तुराट्यांची मोळी घट्ट बसते, बाभळीच्या वांकड्या फांट्यांची सैल राहते, तसेंच हें. वांकड्या आम्लांमुळें पटल लवचिक राहतें व त्यांतून चरबीची रवानगी सुलभ होते. अशीं आम्लें पटलांत बसविणारें एक विकर ज्यांच्यांत नाहीं, अशा उंदरांवर जपान व अमेरिका येथील शास्त्रज्ञांनीं केलेले प्रयोग २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. त्या उंदरांची चरबी आंतड्याच्या व यकृताच्या पेशींतच अडकून राहिली होती.

लेसिथिनांतील कोलीन हें द्रव्यही तितकेंच महत्त्वाचें. तें दिल्यास उंदरांच्या यकृतांत चरबी सांचणें टळतें, हें टोरोंटो येथें चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनीं १९३२ सालीं दाखविलें.

मग गाईस करडईचें तेल पाजावें काय? नाहीं. कोठीपोटांतील सूक्ष्म जंतु वांकडीं आम्लें बहुतेक सरळ करून टाकतात व कोलीनही मोडतात. शिवाय अधिक तेलानें चाऱ्याचें पचन बिघडतें. कोठीपोटांतून सुखरूप पुढें जाईल असें वेष्टित कोलीन आतां मिळतें. तें पशुवैद्यांच्या सल्ल्यानें द्यावें.

तथापि खरा उपाय गोठ्यांतच आहे. गाईचें यकृत चरबी बाहेर पाठविण्यांत मुळांतच मंद असतें. म्हणून आटविल्यापासून व्याईपर्यंतच्या सुमारें ६० दिवसांत तिला लठ्ठ होऊं देऊं नये, उपाशीही ठेवूं नये. व्याल्यावर उत्तम चारा द्यावा, खुराक हळूहळू वाढवावा, आणि चारा सोडल्यास त्याच दिवशीं पशुवैद्यांस बोलवावें.

आवक-जावक जुळविण्यांत आमची सारी नोकरी गेली. गाईच्या यकृताची मात्र ती पाहिली नाहीं. वाचकांनीं ती अवश्य पाहावी.